बोडीतले सारस अन् माझा पहारा

चहा घ्या आधी. हा किस्सा दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकतो. आता काय सांगू, गावात तोंड लपवायला जागा ठेवली नाही मी.

आमच्या गावात नवीन ग्रामपंचायत भवन झालं. त्यात कलेसाठी म्हणून थोडा पैसा वेगळा ठेवला होता, अन् पुतळ्याचं काम मिळालं माझ्या भावाच्या पोरीला, पल्लवीला. तिचं पहिलंच काम. अन् मी, सख्खा मोठेबाबा, भर सभेत उभा झालो.

"पुतळा कायले पाहिजे? तेवढ्यात नाली होते. अन् पुतळ्याकडे पाहाले टाइम कोणाले आहे?"

पंचायतीचे ग्रामसेवक साहेब म्हणाले, "बनू तर द्या. गावाला पटला नाही तर काढून टाकू." पोरगी रडवेली झाली. पण मी पडलो तत्त्वाचा माणूस.

मग मी महिनाभर लेकीकडे अर्जुनी मोरगावला जाऊन राहिलो, अन् फैसल्याच्या सभेच्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं परत आलो. विरोध करायलाच आलो होतो, खोटं कशाला बोलू?

बस भवनासमोर थांबली. दाट धुकं होतं. उतरून पाहतो तर बाजूच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यात सारसाची जोडी! आमच्याकडे सारसानं धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, घरटं केलं तर तेवढा धान आम्ही कापत नाही. त्यात मी वनखात्यानं नेमलेला सारसमित्र, टोपीसकट. लगेच बससमोर आडवा झालो.

"गाडी चालू नको करू. बिचकतील."

ड्रायव्हर म्हणाला, "काका, टाइम हो रहा है."

"तुहा फक्त टाइम चालला. इकडं पाखराइचा जीव जाऊन राहिला."

प्रवासी उतरून कुजबुजत उभे राहिले. एक कुत्रं भुंकलं, त्याला चप्पल दाखवली. बराच वेळ झाला, पाखरं काही हलेनात. विजेच्या तारेचा झटका बसला असेल का? वनरक्षकाला फोन लावला, पण तो येईपर्यंत धीर कोणाला? पँट वर केली, बोडीत उतरलो, हळूच मागून गेलो अन् मादीला कवेत घेतलं.

अंग गार. मान ताठ.

"गेली रे," मी म्हटलं, अन् खरंच डोळ्यांत पाणी आलं.

काठावरून आवाज आला, "मोठेबाबा, सोडा तिले. रंग वला आहे."

पल्लवी. हातात ब्रश अन् डबा.

अहो, पुतळा म्हणजे चौथरा अन् त्यावर हात वर केलेला पुढारी, एवढंच मला माहीत. पाण्यात पाय बुडवून उभा राहणारा पुतळा कोणी पाहिला होता? प्रवासी पोट धरून हसले. टाइमवाला ड्रायव्हर तर बोडीत उतरून फोटो काढत बसला.

दुपारी सभा भरली. वनरक्षकही थांबला होता. सरपंचबाईंनी विचारलं, "पुतळ्याले कोणाचा विरोध?"

सगळ्या गावानं माझ्याकडे पाहिलं. पल्लवी मान खाली घालून बसली होती. मी उभा झालो, छातीवर राखाडी रंग तसाच.

"विरोध नाही," म्हटलं. "पोरीनं सिमेंटात जीव घातला. अभिमान वाटून राहिला मले तिचा."

टाळ्या पडल्या. पोरगी रडली, मीही रडलो. ठराव एकमतानं पास.

डोळे पुसून बसतो न बसतो, तोच वनरक्षक उभा झाला.

"पुतळे राहू द्या जी. सारसमित्र तेवढा बदला."

अनुमोदन माझ्या बायकोनं दिलं.