खट् झाल्यानंतरचा फोटो

माझ्या मामाच्या स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर माझा दातांचा दवाखाना आहे. आमच्या दोघांचाही धंदा एकाच गोष्टीवर चालतो: समोरच्या माणसाने खुर्चीत बसून सांगितलं तेवढं करावं. फरक इतकाच, की माझ्या खुर्चीतून लोक सुटल्यासारखे पळतात आणि मामाच्या खुर्चीतून उठल्यावर ‘बरा आलो का हो मी?’ म्हणत रेंगाळतात. मला याचा हेवा वाटतो, आणि दोन पेशंटांच्या मधे मी चहाला खाली जाते ती थोडी त्या हेव्यापोटीच.

गल्लीत मामाला ‘हनुवटीवाले’ म्हणतात. ‘हनुवटी जरा खाली’ हे वाक्य त्याने आयुष्यात इतक्यांदा म्हटलंय, की रस्त्याने जाताना ओळखीची पोरंसोरं त्याला बघून आपोआप मान वाकवतात. स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला राखाडी पडदा आणि फिरतं स्टूल, दुसऱ्या टोकाला काउंटर, आणि काउंटरमागे मामी. तिच्यापुढे कागद कापायचं पातं आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. छापून आलेला प्रत्येक फोटो त्या भिंगाखालून जातो. मामी फक्त डोळे तपासते. डोळा नेमका आला असेल तर फोटो पास, नसेल तर मामाची काही खैर नाही. गिऱ्हाइकासमोर ती त्याला अहो-जाहो करते आणि गिऱ्हाईक गेलं की त्याच अहो-जाहोमध्ये झापते.

मामाची फोटो काढायची एक पद्धत होती, ती ज्यांना माहीत नव्हती त्यांना ती जादू वाटायची. माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की श्वास धरून ठेवतो, ओठ आवळतो, पोट आत घेतो. मग कॅमेऱ्यातला आरसा वर उचलला जातो आणि मोठ्याने खट् असा आवाज होतो. माणसाला वाटतं, झालं! खांदे खाली येतात, चेहरा सुटतो, कुणी स्वतःशीच हसतं. नेमक्या त्या क्षणी मामा दुसऱ्यांदा बटण दाबायचा. पहिला फोटो तो बघायचाही नाही. ‘पहिला त्यांचा, दुसरा माझा,’ असं म्हणून तो पुसून टाकायचा.

गावभरचे हसरे चेहरे असे त्याने पकडले. त्याला सापडली नाही ती फक्त मामी. तिला ही युक्ती पहिल्या दिवसापासून पाठ. मामा खट् करायचा आणि ही तशीच ताठ, कारण दुसरा येणार हे तिला ठाऊक. त्याने तिसरा काढून पाहिला, चौथा काढून पाहिला, मधेच खोकून पाहिलं. ती शेवटपर्यंत जबडा आवळून बसायची. आमच्या घरच्या आल्बममध्ये मामीचे जेवढे फोटो आहेत, त्या सगळ्यांत ती माझ्या दवाखान्यात दाढ काढायला आल्यासारखी दिसते. स्टुडिओच्या दर्शनी काचेत साऱ्या दुनियेच्या बायका लावलेल्या, आणि फोटोग्राफरची बायकोच तेवढी नाही. मामी यावरून त्याला टोमणे मारायची, पण मला वाटतं, न सापडण्याचा तिला जरा अभिमानच होता.

मग मामाचा डोळा बिघडला.

डावा डोळा त्याचा लहानपणापासून आळशी. सगळं काम उजव्यावर. त्या उजव्याच्या पडद्याला मधोमध काहीतरी झालं. कडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेवढंच पुसट. औषधाने आजार आहे तिथे थांबेल, गेलेलं परत येणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. मामाने आम्हाला यातलं अर्धंच सांगितलं. ‘थोडं धूसर होतं,’ म्हणाला, ‘वयाचं आहे.’

पण मामीच्या भिंगापुढे कुणाचं काय चालणार? एका मुख्याध्यापिकाबाईंचा निवृत्तीचा फोटो तिच्या हातात आला. कानातल्या डुलाची कडी न कडी स्पष्ट, आणि डोळे मात्र ओल्या काचेतून बघितल्यासारखे. मामाच्या सगळ्या लेन्सा जुन्या, हाताने कडं फिरवून फोकस करायच्या. पोर्ट्रेटच्या लेन्सचं रबर झिजून गेलं तेव्हा त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चढवला होता, इतकी ती त्याच्या हातातली. आता हात तोच होता, पण कुठे थांबायचं हे त्याला सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. मामीने दुसरा एक बरा फोटो शोधून बाईंना दिला, मामाला चकार शब्द बोलली नाही, आणि मला येऊन सांगितलं. सांगताना तिचा आवाज कापत होता. मामीचा आवाज कापतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मामाला मात्र कळलेलं होतं. तो घरगुती फोटोंची कामं परत पाठवायला लागला होता. ‘हल्ली फक्त पासपोर्टचे काढतो,’ म्हणायचा. एकदा चहा पिता पिता मलाच म्हणाला, “दिवाळं निघण्याआधी दुकान बंद केलेलं बरं, नाही का गं?”

“बंद करून काय करशील?”

“घरी बसेन.”

“मामीच्या समोर? दिवसभर?” मी विचारलं. तो नुसता हसला. मला त्या दिवशी त्याचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण कॅमेरा काढून घेतला तर या माणसाच्या हातांचं काय करायचं हे मला कळेना.

मार्ग सुचवला तो लेन्सवाल्याने. हा मामाचा जुना दोस्त, कॅमेऱ्याचं दुकान चालवणारा. तो म्हणाला, आता नवे कॅमेरे आलेत ते समोरच्या माणसाचा डोळा आपणच शोधतात. डोळ्यावर एक बारीक चौकोन येतो आणि माणूस हलला तरी चौकोन डोळा सोडत नाही. फक्त कंपनी दुसरी, त्यामुळे जुनी एकही लेन्स चालणार नाही. जुन्याच कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यावर जोडणी लावून त्या बसतील, पण मग फोकस पुन्हा हातानेच. म्हणजे नुसता जबडा बदलून भागणार नव्हतं, सगळे दात काढून नवी बत्तिशी बसवायची होती. लेन्सवाला जुनं सगळं बदल्यात घ्यायला तयार होता. “आठवडाभर वापरून बघ,” म्हणून त्याने नवा कॅमेरा मामाच्या हातात कोंबला.

मामाने तो घेतला, पण नवऱ्याकडची मंडळी घरात आल्यावर मुलीचा बाप वागतो तसा वागायला लागला. फार अदबीने आणि मनातून नाराज.

कॅमेऱ्यात खोट काहीच नव्हती. चौकोन डोळ्यावर यायचा, मामी भिंग लावायची आणि म्हणायची, “पापणीचे केस मोजून घ्या.” पण कॅमेऱ्यात आरसाच नव्हता. आवाज नाही. मामा बटण दाबायचा आणि समोरचा माणूस तसाच श्वास धरून बसलेला. बँकेतले एक साहेब हसू धरून बसले ते बसलेच. शेवटी गाल थरथरायला लागले तेव्हा दातांतल्या दातांत विचारते झाले, “काढताय ना?” मामाने तोवर बरेच काढले होते. सगळ्यांत साहेब सारखेच, काचेच्या बरणीत ठेवल्यासारखे.

कॅमेऱ्यात आवाज चालू करायची सोय होती. मामाने ती करून पाहिली. बारीक टिक् असा आवाज यायचा. लोकांना वाटायचं कॅमेरा अजून तयार होतोय, आणि ते आणखी ताठ व्हायचे. मामाने वैतागून तो बंद केला.

“खोटा आवाज आहे तो,” मामा म्हणाला.

“आणि तुमचा पहिला फोटो कुठला खरा असायचा?” मामी काउंटरवरून म्हणाली.

“तो आवाज तरी खरा होता.”

यावर मामीने पातं जरा जोरातच दाबलं. तिला कॅमेरा हवा होता. तिला कॅमेरा नको होता, खरं तर, तिला मामा स्टुडिओत हवा होता. आठवडा संपत आला तेव्हा मामाने नवा कॅमेरा गुंडाळून खोक्यात भरायला फडकं काढून ठेवलं. “लोकांचे डोळे सापडतात याच्यात,” मला म्हणाला, “लोक सापडत नाहीत. मग मी कशाला हवा? पास फोटो तर यंत्रंही काढतात.”

त्याच दुपारी गल्लीच्या कोपऱ्यावरचा कुलूपवाला आपल्या आईला घेऊन आला. म्हातारीची कवळी मीच बसवलेली, आदल्याच आठवड्यात, म्हणून मीही खाली उतरले. माझी कारागिरी बघायची होती, दुसरं काय! पण म्हातारीने ओठ असे मिटले होते, की तिच्या लेकालाही ते कुलूप उघडता आलं नसतं. नवे दात दिसू नयेत असा तिचा निश्चय होता.

“आजी, हनुवटी जरा खाली,” मामा म्हणाला. हनुवटी खाली गेली, ओठ आणखी घट्ट झाले. मामाने दाबलं. काही वाजलं नाही.

“काढला का?”

“काढला, आजी.”

“मग वाजलं कसं नाही? काढा की नीट!”

मामाने पुन्हा काढला. म्हातारी पुन्हा म्हणाली, काढा. लेक घड्याळ बघायला लागला. मामाच्या मानेवर घाम आला होता. तो चुकत नव्हता, तरी चुकल्यासारखा दिसत होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

आणि खट् झालं.

आम्ही सगळ्यांनी दचकून मागे बघितलं. काउंटरमागे मामी उभी. फळीवरचा जुना कॅमेरा तिच्या हातात. लेन्स नव्हती त्याला, तोंडावर टोपण होतं, आणि तिने बटण दाबलं होतं.

“झालं बाई एकदाचं!” म्हातारीने हुश्श केलं. खांदे सैल पडले. लेकाकडे वळून म्हणाली, “चल, घरी जाऊन हे दात आधी काढून ठेवते,” आणि स्वतःच्याच बोलण्यावर तोंड भरून हसली. माझी कवळी झकास दिसली. मामा तोवर पुन्हा म्हातारीकडे वळलेला होता. त्याने ते हसू पकडलं असणार हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं.

मामीला स्वतःच्या पराक्रमाचं इतकं हसू आलं, की तिला काउंटरला धरून उभं राहावं लागलं. हातात तो बिनडोळ्याचा कॅमेरा, डोळ्यांत पाणी, केसांची पिन सुटलेली. “बघा, बघा कशी हसली!” असं ती मलाच सांगत होती. मामा आमच्याकडे वळून कॅमेरा छातीशी धरून उभा होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर म्हातारीचा फोटो बघत असेल असं मला वाटलं.

संध्याकाळी माझे पेशंट संपवून मी खाली आले तेव्हा फडकं होतं तिथेच होतं आणि कॅमेरा खोक्यात गेलेला नव्हता. मामाने छपाई करून गठ्ठा मामीपुढे ठेवला. ती भिंग लावून एकेक बाजूला करत होती. म्हातारी पास. म्हातारी आणि लेक पास. मग तिचा हात थांबला.

मी वाकून बघितलं. फोटोत मामी होती. हसणारी, विस्कटलेली, जबडा मुळीच न आवळलेली. मला ती लहानपणापासून रोज दिसत आलेली, पण कागदावर मी तिला पहिल्यांदाच बघत होते. मी उगाच पातं नीट सरळ करून ठेवलं.

“हा कधी काढलात?” मामीने विचारलं.

“तू खट् केलंस ना, त्यानंतर.”

मामीने भिंग पुन्हा खाली नेलं. स्वतःच्या डोळ्यावर ठेवलं. बराच वेळ ठेवलं. “नेमका आलाय,” म्हणाली. मग हळूच, माझ्याकडे बघत, “अशी दिसते मी?”

“मला कायम अशीच दिसायचीस,” मामा म्हणाला. “कॅमेऱ्याला तेवढं दाखवत नव्हतीस.” त्याने कागदाच्या कडेवर बोट फिरवलं. “हल्ली समोर बघतो तर तुझा चेहराच जातो गं. इथनं काउंटरकडे बघितलं की फळी दिसते, पातं दिसतं, तू दिसत नाहीस. हा मोठा करून, मान तिरकी करून बघितला. दिसलीस.”

मामीला हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मामी रागावेल असं मला वाटलं, लपवलंत म्हणून. तिने फोटो पालथा ठेवला, पदराने भिंग पुसलं, मग डोळे पुसले.

“लेन्सवाल्याला कळवा, कॅमेरा परत येणार नाही म्हणून.”

“कळवलं,” मामा म्हणाला. “लेन्सा घेऊन जा म्हटलं. जुन्या कॅमेऱ्याची बॉडी देणार नाही. ती तुला लागेल.”

मामी उठली. काउंटरमागचं स्टूल तिने दोन्ही हातांनी उचललं, ओढत नेऊन मामाच्या उभं राहायच्या जागेच्या उजव्या अंगाला ठेवलं आणि मांडीवर जुना कॅमेरा घेऊन बसली.

“तिथे बसून काय करू?” ती म्हणाली. “तुम्हाला कडेचं दिसतं ना? मी कडेला बसते.”