बशीची चाल

मुकादम सरांना काही सांगायला जावं, तर पहिल्याच वाक्याला त्यांचा हात वर. "थांब सुलभा. डोळ्यांना दिसलं तेवढं सांग, मसाला नको." मूळचे उरणकडचे, वर्तमानपत्रात उपसंपादक होते, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांतला मसाला काढला. सानपाड्याला आमच्या शेजारीच राहायचे. मला त्यांचा जाम राग यायचा. अहो, मसाल्याशिवाय गप्पा कसल्या?

एकदा समोरच्या घरातल्या बाळाचा चांदीचा वाळा हरवला. मी सोसायटीच्या ग्रुपवर सहज लिहिलं, 'सकाळी हिराबाई घाईघाईनं जिना उतरताना दिसली.' हिराबाई जवळच्या दिवाळे गावची कोळीण, घरोघर मासे द्यायची. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर ती चोर ठरली आणि दुसऱ्या दिवशी वॉचमननं तिला गेटवरच अडवलं.

सरांनी मला बोलावलं. चहा ओतला, बशी उचलून म्हणाले, "उडती तबकडी हा शब्द कुठून आला, माहितेय? अमेरिकेत एका वैमानिकाला डोंगरांवरून काही वस्तू चकाकत जाताना दिसल्या. तो म्हणाला, पाण्यावर बशी भिरकावली तर टप्पे खात जाईल, तशी त्यांची चाल होती. चाल, बरं का! आकाराबद्दल नव्हता बोलत तो. पेपरात छापून आलं, 'फ्लाइंग सॉसर', उडत्या बशा! आमचेच भाऊबंद ते. झालं, मग लोकांना आभाळात बशाच दिसायला लागल्या."

"पण सर, मी तिला चोर म्हटलंच नव्हतं!"

"नव्हतंस. पण घाई पाहिली होतीस?"

डोक्यावर पाटी घेऊन ती रोज उतरायची तशीच उतरत होती. घाई माझ्या पदरची. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथंच बसून मी ग्रुपवर खरं लिहिलं. चार दिवसांनी वाळा वॉशिंग मशीनमागे सापडला. गेटवर जाऊन मी हिराबाईपुढे हात जोडले. ती म्हणाली, "राग नाय गो बाय. पन वर नाय येनार." तेव्हापासून ती गेटवरच बसते. सर दुखरे गुडघे घेऊन तीन मजले उतरायचे, बोंबील तिच्याकडूनच घ्यायचे. लिफ्ट बंद असली तरी उतरायचे.

गेल्या वर्षी सर गेले. त्या दिवशी हिराबाई वर आली. सरांच्या बायकोजवळ बराच वेळ बसली. उतरताना माझ्या दाराशी थांबली, दोन्ही तळवे उघडून माझ्यासमोर धरले. "बघून घे गो. काय नाय नेत."

मी ते हात धरले. दोघी सरांसाठी रडलो. मी थोडी माझ्यासाठीही.