तक्रारीतलं जोडाक्षर

न्हावऱ्याच्या हुसेनबीनं आठ वर्षं एक राग सांभाळला. रोज सकाळी भाकरीच्या डब्याबरोबर तो घेऊन ती एसटीत चढायची आन् संध्याकाळी तसाच परत घरी आणायची. कुणाला चाखवला नाही. राग कुणावरचा म्हणाल, तर सुपरवायझर भैरूसाहेबावरचा. त्या मेल्याला साहेब म्हणायचं माझ्या जिवावर येतं, पण कंपनीत सगळे तसंच म्हणायचे.

एमआयडीसीतल्या सॉसच्या कंपनीत हुसेनबी टोमॅटो निवडायच्या पट्ट्यावर होती. नवरा वारलेला, नोकरी सोडायची सोय नव्हती. त्र्याण्णव साली गोडाऊनमध्ये भैरूनं तिचा हात धरला. तिनं हातातलं भरलेलं क्रेट सरळ त्याच्या पायावर सोडलं. आठवडाभर लंगडत होता, बरं झालं. पण नंतर त्यानं एक कागद तिच्यापुढं धरला.

"काय लिवलंय ह्यात?"

"हजेरीचा कागद हाय. कर अंगठा."

हुसेनबीला तवा अक्षर येत नव्हतं. तिनं अंगठा केला. कागदात काय होतं ते तिला मागनं कळलं, मला पट्ट्यावरचं काम झेपत नाही, मला झाडलोट द्यावी. आन् खाली, वाचून दाखवले, मान्य आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात झाडू आला. वर हा येता-जाता हाक मारणार, "ए हुसेनबी, चहा आण गं!" ती चहा आणायची. कप ठेवताना मनात म्हणायची, थांब, तुझीबी पाळी येईल.

दोन हजार साली ऑफिसबाहेर एक बोर्ड लागला. महिला तक्रार समिती. त्यावर पहिलंच नाव हुसेनबीचं, अध्यक्षा म्हणून! बाईमाणसाला कामावर कुणी त्रास दिला तर ऐकून घ्यायला समिती पाहिजे, आन् तिच्यावर बाईच मुख्य पाहिजे, असा सुप्रीम कोर्टाचा हुकूम होता. परदेशातनं माल घेणारे पाहुणे कंपनी बघायला यायचे, ते विचारायचे. मग मॅनेजरनं अशी बाई शोधली, जी वाचणार नाही आन् बोलणारही नाही. दर तीन महिन्यांनी क्लार्क वही पुढं करायचा, हुसेनबी कशीबशी शिकलेली सही करायची. तिला वाटायचं, झाडलोटीची वही असंल. पोरं थट्टा करायची, "अध्यक्षबाई, तेवढं टेबल पुसा की!" त्यात भैरूचं हसणं सगळ्यात मोठं.

पण कंपनीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. घरी नात अल्फिया दुसरीत होती आन् तिला दादीला शिकवायचा नाद लागला होता. साधी अक्षरं हुसेनबीला लवकर आली. जोडाक्षरांनी मात्र जीव खाल्ला. "दादी, क ला र चिकटला की क्र. चक्र. म्हण." हुसेनबी चुलीपुढं बसून चक्र, चक्र म्हणायची आन् सून तोंडाला पदर लावून हसायची.

पुढल्या वर्षी एका गुरुवारी कपडे बदलायच्या खोलीत केंदूरची शितल रडताना दिसली. वीस वर्षांची पोर, चार महिन्यांपूर्वी पट्ट्यावर लागलेली. भैरूनं तिलाही गोडाऊनमध्ये धरलं होतं. हिनंही झिडकारलं होतं. आन् आता तिच्या हातात कागद होता. मला पट्ट्यावरचं काम झेपत नाही, मला झाडलोट द्यावी.

"शनिवारपर्यंत सही कर म्हणलाय, न्हाईतर गेटबाहेर," शितल म्हणाली. "घरी कळलं तर कामच बंद करत्याल, मावशी."

हुसेनबीच्या अंगाची लाही लाही झाली. मेल्यानं कागदसुद्धा बदलला नव्हता!

त्याच दुपारी क्लार्क वही घेऊन आला. "अध्यक्षबाई, सही." हुसेनबीनं पेन घेतलं आन् या खेपेला वहीवर बोट ठेवलं. त... क्रा... र. अगं बाई, हा तर चक्रातला क्र! आन् बोर्डावरचाच शब्द! तक्रार नाही. मागचं पान उलटलं, तक्रार नाही. त्याच्या मागचं, तेच. आन् प्रत्येक पानाखाली तिची सही. या अल्ला, स्वतःच्या हातानं लिहून देत होते की, भैरू शहाणा, भैरू गुणाचा!

"सही न्हाई. तक्रार हाय," ती म्हणाली.

मॅनेजर धावत आला. सोमवारी पाहुणे यायचे होते. "मावशी, आत्ता करून टाका. मग बघू आपण."

"मावशी न्हाई, अध्यक्षा. बोर्डावर तुमीच लिवलंय."

त्याच बोर्डावर समितीतल्या बाहेरच्या बाईंचं नाव आन् पुण्यातला नंबर होता. हुसेनबीनं एकेक आकडा हातावर उतरवला आन् सुट्टी झाल्यावर एसटीडी बूथवरनं फोन लावला. बाई म्हणाल्या, शनिवारी येते, तोवर पोरीला सांगा, कशावरच सही करू नको.

शनिवारी सभा बसली. खरीखुरी, पहिली. मधल्या खुर्चीत हुसेनबी, शेजारी पट्ट्यावरची अनसाबाई आन् वही घेऊन पुण्याच्या बाई. मॅनेजर कडेला, भैरू समोर. शितल खाली बघत बोलली, पण सगळं बोलली. तिच्याबरोबरच्या दोघींनी येऊन पाहिलेलं सांगितलं. भैरू म्हणाला, "पोरगी खोटं बोलती."

मग हुसेनबी उठली. "माझीबी हाय एक." पुण्याच्या बाई म्हणाल्या, तेवढ्यापुरती तुम्हाला खुर्ची सोडावी लागेल. हुसेनबीनं सोडली, शितलशेजारी जाऊन उभी राहिली आन् त्र्याण्णव सालचं गोडाऊन, क्रेट, अंगठा, सगळं ओकली.

भैरूनं कपाळाला आठी घातली. "कवाचं म्हणताय? मला न्हाई बा आठवत."

आन् त्याला खरंच आठवत नव्हतं. हे हुसेनबीच्या फार जिव्हारी लागलं. आठ वर्षं तिनं झाडू मारला, आठ वर्षं ती जळली, आन् हा सुखानं विसरून बसलेला!

समितीनं लिहिलं, दोन्ही तक्रारी खऱ्या, इसमास कामावरून काढावे, शितलला पट्ट्यावर ठेवावे, हुसेनबीला पट्ट्यावर परत घ्यावे. मॅनेजरनं सोमवार आठवला आन् मुकाट मान डोलावली. वही भैरूपुढं आली. तो न वाचताच सहीला वाकला.

हुसेनबीनं वहीवर पंजा ठेवला. ती परत खुर्चीत बसली होती.

"असं न्हाई. आधी वाच. मोठ्यानं. आन् मग खाली लिव्ह, वाचून दाखवले, मान्य आहे."

भैरूनं मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता. दारात पट्ट्यावरच्या बाया गोळा झाल्या होत्या. भैरूनं घसा खाकरला आन् पुटपुटला, "तकरार नंबर एक, हुसेनबी..."

"तक्रार," हुसेनबी म्हणाली. "जोडाक्षर हाय ते. नीट म्हण. परत पहिल्यापासनं."