अंकलनी केबिनमध्ये बूट काढले

आखातात, मआमीरच्या आमच्या वर्कशॉपात देवाधर्मावर माझ्याइतकं पक्कं बोलणारा दुसरा कोणी नव्हता. माझी शाळा दुसरीत सुटली, आम्ही बौद्ध, घरात देवाचा फोटो नाही. जे बोलायचो ते सगळं टूल स्टोअरमधल्या अंकलकडून उचललेलं.

अंकल वसईचे, कॅथलिक, साठीला आलेले. खिडकीमागं बसून आम्हाला ग्राइंडरच्या चकत्या न् हातमोजे द्यायचे. चहाच्या सुट्टीत बायबलातल्या मोशेची गोष्ट सांगायचे, आणि जळत्या झुडपातून देव बोलतो तिथं आले की वाकून सेफ्टी बूट काढायचे. दर वेळी. मोज्यातून अंगठा बाहेर. "इथं बूट चालत नाहीत. देवानं मोशेलाही काढायला लावलेले," म्हणायचे.

"अंकल, सेफ्टीवाला नाव लिहून नेईल. आणि तुमच्या देवाला बोलायला झुडूपच सापडलं? एखादं मोठं झाड नव्हतं?"

"मोठ्या झाडाखाली साहेब बसलेले असतात."

आता अशा माणसाशी काय वाद घालता?

गोष्ट तीच. मिसरात, म्हणजे इजिप्तात, मोशेचे लोक गुलाम, विटा पाडायचे. एक दिवस राजानं विटेत घालायचं गवत बंद केलं. गवत तुमचं तुम्ही आणा, विटा तेवढ्याच पाहिजेत. इथं आम्ही सगळे हसायचो, कारण आमचा मॅनेजर डिट्टो. अंकल हसायचे नाहीत. "देवानं त्यांचं कण्हणं ऐकलं," म्हणायचे. "भजन नाही. कण्हणं. मग मोशेला हाक मारली. तर मोशे म्हणतो, दुसऱ्याला पाठव, माझी जीभ जड आहे."

अंकलची जीभही अडायची. साहेबासमोर तर पार कुलूप.

"म्हणून देवानं त्याच्या वतीनं बोलायला भाऊ दिला. अहरोन."

"मग मी तुमचा अहरोन," मी म्हणायचो. म्हणायला काय जातं.

उन्हाळ्यात इकडं दुपारी बाहेरचं काम बंद, कायदाच आहे. पण आम्ही आत शिरून वेल्डिंग करायचो ती टाकी शेडच्या छपराखाली, म्हणून ती म्हणे 'आत'. रस्त्यावरची कुत्री सावलीला, आणि आम्ही लोखंडाच्या पोटात. टाकीत हवा सोडायचा ब्लोअर कधीचा बंद पडलेला. अंकल रोज चिठ्ठी द्यायचे, मॅनेजर रोज इंशाल्ला म्हणायचा. ऑगस्टात एका दुपारी माझ्या खोलीतला परभणीचा वेल्डर आत कोसळला. मी पाय धरून त्याला बाहेर ओढला. ओठ निळे. पाणी मारलं, वारा घातला, मोठ्या मुश्किलीनं डोळे उघडले. तेवढ्यात मॅनेजरचा निरोप आला: यल्ला, चला लवकर, दुसरा माणूस आत घाला.

 

अंकलनी खिडकी लावून घेतली. "चल. मी शेजारी उभा राहतो, तू बोल. ब्लोअर लागेपर्यंत कोणी आत जाणार नाही. एवढंच बोल."

"बघाच तुम्ही, अंकल. फाडून खातो त्याला."

केबिनमध्ये एसी. मॅनेजर मला बघून म्हणाला, "क्या है जोकर?" आणि माझे दात आपोआप बाहेर आले. मी म्हणालो, "कुछ नहीं साहब, दो मिनट आपकी ठंडी हवा खाने आये हैं." तो खदाखदा हसला. मीही हसलो. मेलं माझं हसणं.

अंकल खाली वाकले. मला वाटलं, यांनाही चक्कर आली. त्यांनी नाड्या सोडल्या, बूट काढून बाजूला ठेवले, आणि त्या गार फरशीवर अंगठा बाहेर आलेल्या मोज्यांत ताठ उभे राहिले. "ब्लो... ब्लोअर," म्हणाले. पुढं निघेना. मॅनेजर मोबाईल बघायला लागला. मला पुढचं पाठ होतं, एकच वाक्य होतं, आणि मी नखातली लोखंडाची भुकटी काढत उभा. शेवटी अंकलनी ते वाक्य एकट्यानं ओढून बाहेर काढलं. "ब्लोअर लगने तक कोई अंदर नहीं जायेगा." मग जाऊन टाकीच्या तोंडाशी तसेच, बिनबुटाचे बसले. सुट्टी होईपर्यंत उठले नाहीत. त्यांना ओलांडून आत जायची कोणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ब्लोअर आला. त्याच आठवड्यात अंकलचा व्हिसा खलास. कारण काय, तर कामाच्या जागी सेफ्टी बूट न घालणे. कोणीतरी तो कागद मला वाचून दाखवला. मी तो टराटरा फाडला. तोही झेरॉक्स निघाला.

ते एअरपोर्टच्या गाडीत बसताना मी म्हणालो, "अंकल, माझं चुकलं."

"अहरोनचंही चुकलं होतं रे. त्यानं तर सोन्याचं वासरू करून लोकांना पूजायला दिलं. तू नुसता जोक केलास."

या माफीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी झोपलो असतो.

स्टोअरच्या खिडकीत आता दुसरा माणूस बसतो. तो चकत्या देतो आणि खिडकी लावतो. म्हणून नवीन पोरांना ती गोष्ट मीच सांगतो: मोशे, विटा, आणि ती दुपार. परवा कँटीनमध्ये सांगता सांगता जरा रंगलो आणि तोंडातून गेलं, "मग आम्ही दोघं मॅनेजरला बोललो."

समोर परभणीचा वेल्डर जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "दोघं नाही. ते बोलले. तू एसी खाल्ला."