नव्या मशीनमधला भोवरा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी लातूरची. पाणी टँकरमधून येताना बघत वाढले आणि पीएचडीला विषय घेतला नदीचा प्रवाह! घरचे अजून हसतात.

नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला माझं कॉलेज. माझ्या गाइड सरांनी बारा वर्षांपूर्वी लिहिलेला गोदावरीच्या पुराचा प्रोग्राम ग्राफिक्स कार्डांवर चालणाऱ्या नव्या सुपरकॉम्प्युटरवर न्यायचा, एवढंच काम. अट एकच – लॅबमधल्या जुन्या आणि या नव्या मशीनचं उत्तर जुळलं पाहिजे. जुळलं तर थिसिस, नाही तर वर्ष पाण्यात.

सगळी नदी जुळली... एक जागा सोडून. एका घाटाखाली नव्या मशीनवर पाणी गरगर फिरायचं. जुन्यावर तिथं सरळ प्रवाह. चार महिने डोकं फोडलं! कोड मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर बदलला, बेरजांचा क्रम बदलला, अर्धा कोड पुन्हा लिहिला. भोवरा तिथंच, ढिम्म. आम्ही भरलेल्या तळाच्या नकाशात त्या जागी साधा खड्डासुद्धा नव्हता.

सर म्हणाले, "शेख, तेवढा भाग गुळगुळीत कर अन् टाक पाठवून."

माझं टाळकंच सरकलं. स्कूटी काढली आणि भर दुपारी त्या घाटावर गेले. एक म्हातारे भोईमामा जाळं वाळवत बसले होते. त्यांना लॅपटॉपवर जागा दाखवली.

"हाव, भवरा हाय की तिथं," ते म्हणाले. "आमी जाळं टाकत न्हाई. माझा थोरला भाऊ तिथंच बुडाला." मग स्क्रीनकडं बघत म्हणाले, "तुमच्या मशीनला कुनी सांगितलं, ताई?"

मी लॅपटॉप मिटला आणि स्कूटीकडं वळले.

सरांशी भांडायला ताजं चित्र हवं, म्हणून संध्याकाळी लॅबमध्ये जुना प्रोग्राम जुन्याच मशीनवर चालवला. तोच कोड, तीच फाइल, एक अक्षर बदललेलं नाही. आणि घाटाखाली भोवरा!

पेन ड्राइव्हवरची जुन्या मशीनची आधीची उत्तरं उघडली. त्यांत प्रवाह सरळच. पुन्हा चालवलं, पुन्हा चालवलं... दर वेळी भोवरा.

सर खूश. "जुळलं ना? मग सोड की आता." सही केली, थिसिस जमा झाला.

सोडू कसं? तुमच्यात कुणी जाणकार असेल तर सांगा बाबांनो, मी तर थकले. चार महिने मी नव्या मशीनची चूक शोधत होते आणि ती चूक नव्हतीच. पण लॅबमधलं जुनं मशीन बारा वर्षं गप्प होतं... ते मामा बोलले त्याच संध्याकाळी का बोललं?