अप्पांची झोप आणि चार कॉईल

ही गाडी मी घेतली तेव्हा मला कुणी अडवलं कसं नाही, याचा राग मला अजून आहे. दोन दारं, दोन सीटा, लाल रंग, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि माझ्याआधी दोघांनी हौस भागवून सोडलेली. विद्यानगरच्या आमच्या गल्लीतून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत इतके स्पीडब्रेकर आहेत की प्रत्येकावर तिला तिरकी करून चढवावं लागतं, आणि तोवर मागचा स्कूटरवाला हॉर्नवर अंगठा ठेवून माझा उद्धार करत असतो. स्पोर्ट्स कार म्हणून घेतली, पण तिसऱ्या गिअरच्या पुढे तिची मजल क्वचितच गेली. हौसेला मोल नसतं म्हणतात. तेव्हा केस काळे होते, म्हणून मीही तसंच म्हणत होतो.

आई गेल्यावर मी उदगीरचं घर बंद केलं आणि वडिलांना, म्हणजे अप्पांना, इकडे हैदराबादला आणलं. अप्पांचा सगळा जन्म तुरीच्या मागे गेला. घरची शेती होतीच, शिवाय गावातल्या इतरांचा माल एकत्र करून ते ट्रक भरायचे, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसायचे आणि अफझलगंजच्या बाजूला अडतीवर घेऊन यायचे. माल विकला की त्याच ट्रकने परत. या शहराच्या गल्ल्या त्यांनी माझ्या कितीतरी आधी पालथ्या घातलेल्या. आता त्यांना आमच्या तीन खोल्यांच्या घरात न्हाणीघर सापडत नाही.

डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि सांभाळणाऱ्याने स्वतःची झोप नीट घ्यायला हवी असं मला बजावलं. ती कुठे मिळते हे काही त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं नाही.

कारण अप्पा रात्री झोपत नाहीत. न विकलेला माल अंगणात पडलाय आणि कुणीतरी पोती उचलून नेणार, असं त्यांच्या मनाने घेतलंय. मग ते दारं तपासत हिंडतात, खिडक्यांच्या कड्या ओढून बघतात, आणि मी त्यांच्या मागे हिंडतो. बायकोची नोकरी बँकेतली, तिला सकाळी वेळेवर पोचायचं असतं. माझं काम घरून, आणि कॉल संध्याकाळी सुरू होतात, म्हणून रात्री माझ्या वाट्याला आल्या. मी तक्रार करत नाही असं मला लिहायला आवडलं असतं, पण मी पुष्कळ केली. बायकोवर खेकसलो, अप्पांवर ओरडलो, कुकरच्या शिट्टीवरसुद्धा चिडलो. माणूस दमला की त्याच्यात चांगुलपणा फारसा उरत नाही.

एका दुपारी त्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि बायको तिची गाडी घेऊन गेली होती. नाइलाजाने मी लाल गाडी काढली. अप्पांना तिच्यात बसवणं म्हणजे दिव्यच. वाकवा, वळवा, डोकं सांभाळा, मग हळूच खाली सोडा.

"भुईवरच बसवलास की रे," ते म्हणाले. मी पट्टा लावायला लागलो, तर, "आनि दाव्याला बी बांधलास!"

गाडी तेव्हा मिसिंग मारत होती. चारपैकी एका सिलिंडरला नीट ठिणगी मिळत नव्हती, त्यामुळे सिग्नलला थांबलं की ती हिवताप भरल्यासारखी थरथरायची आणि चालताना मधूनच हिसके द्यायची. नेहमी मला याची लाज वाटे. त्या दिवशी अप्पांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, ती थरथर हाताला लागू दिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "माल गेला का?"

मी काय बोलतोय याचा विचारही न करता म्हणालो, "गेला. चांगल्या भावानं गेला."

त्यांनी मोठा श्वास सोडला, खिडकीला डोकं टेकलं आणि पुढच्या चौकाच्या आत ते घोरायला लागले. किती दिवसांनी त्यांना असं झोपलेलं बघत होतो. डॉक्टरकडे आम्ही गेलोच नाही. विद्यापीठाच्या आतल्या झाडांच्या रस्त्याने मी गाडी फिरवत राहिलो.

मला आईचं बोलणं आठवलं. ती म्हणायची, ट्रकचा खडखडाट असल्याशिवाय या माणसाला झोप येत नाही, घरातली गादी यांना टोचते. अगदी तसंच असणार, असं मी धरून चाललो. बायकोची गाडी ऑटोमॅटिक, आवाज ना हादरा. तिच्यात बसवून बघितलं, तर अप्पा टक्क जागे. लाल गाडीत मात्र रोज दुपारी झोप. ते दुपारी झोपले की रात्री पहाटेपर्यंत तरी शांत राहायचे, आणि मग मलाही जरा पाठ टेकता यायची. आमच्या घराचा सगळा डोलारा एका बिघडलेल्या सिलिंडरवर उभा होता.

पण बिघडलेली वस्तू एका जागी थोडीच थांबते. पेट्रोल नुसतं पाण्यासारखं जायला लागलं. मग एका दुपारी अंबरपेठेत, ऐन गर्दीत, ती बंदच पडली. पुढे भाजीच्या गाड्या, मागे बस, अप्पा झोपेतून दचकून उठलेले आणि "चोर आले" म्हणून ओरडतायत. दोन अनोळखी माणसांनी गाडी ढकलून कडेला लावली. संध्याकाळी बायको म्हणाली, "रोज त्यांना घेऊन फिरायचं तर गाडी धड हवी. एक दिवस फ्लायओव्हरवर अडकाल दोघं." तिचं म्हणणं बरोबर होतं.

अंबरपेठेतल्या आमच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि मान हलवली. "साब, मिसिंग मार रई. चारों कॉईलां बूढे हो गए. एक तो मरीच गया समझो."

प्लगच्या डोक्यावर बसून ठिणगी द्यायची, एवढंच कॉईलचं काम. तशीच जुन्या मापाची नवी टाकता आली असती. पण तो म्हणाला, भारीवाल्या टाका, ठिणगी जोरदार पडते, "पिकअप भी आता, एवरेज भी." मीही इंटरनेटवर बसून वाचलं. तिथे तर कॉईल बदलल्या की गाडी उडायलाच लागते असा एकूण सूर होता. त्यातलं निम्मं खोटं असणार हे मला कळत होतं, पण कितीतरी महिन्यांत मी स्वतःसाठी म्हणून काही केलं नव्हतं. मी भारीवाल्या मागवल्या. त्याने त्या बसवल्या, नवे प्लग टाकले आणि जुन्या कॉईल एका खोक्यात घालून डिकीत ठेवून दिल्या.

आणि खरंच, गाडी बदलली. सिग्नलला उभी राहिली तर चालू आहे की बंद, हे काटा बघून ठरवावं लागायचं. पाय जरा दाबला की ती मुकाट्याने पुढे सरायची. पेट्रोलचं पाण्यासारखं जाणं थांबलं. गॅरेजमधून घरी येताना मी एकटाच हसत होतो.

दुसऱ्या दुपारी अप्पांना बसवलं. पट्टा लावला. "माल गेला का?" "गेला, चांगल्या भावानं गेला." त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, थोडा वेळ वाट बघितली आणि हात काढून घेतला. मग ते ताठ बसले आणि माझ्याकडे बघायला लागले.

"उस्ताद," ते म्हणाले. त्यांच्या ट्रकच्या जगात ड्रायव्हरला हीच हाक. "गाव कंचं तुजं?"

मी सांगितलं, उदगीर.

"पोरं किती हायत?"

"एक मुलगी आहे अप्पा. तुमची नात, बाहेरगावी शिकते."

"काय जेवलास?" ते सांगून होतंय तोवर पुन्हा, "उस्ताद, गाव कंचं तुजं?"

सगळ्या रस्ताभर हेच. मध्येच "पानी हाय का? उतर, तोंड धू." मला वाटलं त्यांनाच लघवीला जायचंय. थांबलो, तर उतरायला तयार नाहीत. पुन्हा निघालो, पुन्हा गाव कंचं. डोळ्याला डोळा लागला नाही त्यांचा. रात्री सगळी दारं दोनदोनदा तपासून झाली.

असंच रोज व्हायला लागलं. मला वाटे आजार वाढला आणि आता मी त्यांच्या लेखी कुणी परका ड्रायव्हर उरलोय. ते फार लागलं. एकदा सिग्नलला त्यांनी पट्टा काढून दार उघडलं आणि एक पाय रस्त्यावर टाकला. शेजारून मोटरसायकल इंचभरावरून गेली. मी त्यांना दंडाला धरून आत ओढलं, नको इतकं जोरात. "उतर, तोंड धू," ते मलाच दटावत होते. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती खुर्चीत बसली. मग हळूच म्हणाली, "असंच चाललं तर आपल्याला त्यांना कुठेतरी ठेवावं लागेल." कुठेतरी म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मीही गेले काही दिवस फोनवर तसली ठिकाणं बघत होतो.

सगळं घोडं त्या कॉईलपाशी पेंड खातंय, अशी माझी खात्री झाली. मी मेकॅनिककडे गेलो आणि म्हणालो, जुन्या चारांतली ती मेलेली परत बसवून दे.

त्याने मला नीट न्याहाळलं. "तबीयत ठीक है ना साब? अच्छी गाडी कू बीमार करूं बोलरे?" मी अप्पांचं सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. "कच्चा पेट्रोल सायलेन्सर में जाको जलता साब. नक्को करो." मी पुन्हा विनवलं. शेवटी म्हणाला, आज जुम्मा आहे, गॅरेज बंद करतोय, उद्या आणा, बघतो.

म्हणून त्या शुक्रवारी आम्ही निरोगी गाडीतून शेवटची चक्कर मारायला निघालो. आदल्या रात्री मी अजिबात झोपलो नव्हतो. विद्यापीठाच्या रस्त्यावर ऊन झाडांतून झिरपून खाली पडलं होतं, गाडी आवाज न करता चालली होती, शेजारी "गाव कंचं, पोरं किती" चालू होतं, आणि अचानक माझ्या लक्षात आलं की समोरचं झाड मला क्षणभर दिसलंच नव्हतं. घाबरून गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या. अप्पांचं मनगट घट्ट धरलं. फक्त एक मिनिट डोळे मिटायचे, एवढंच ठरवलं होतं.

जाग आली तेव्हा सावली गाडीवरून सरकून गेली होती. माझ्या हातात त्यांचं मनगट नव्हतं. चावीच्या जागी चावी नव्हती. मी दाराकडे झडप घातली.

अप्पा जागेवरच होते. ताठ बसलेले, नजर रस्त्यावर. चावी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती आणि खिशावर त्यांचा हात.

"झालं का निजून?" ते म्हणाले. "चावी मी काढून घेतली. उस्ताद निजला की चावी आपल्यापाशी ठेवायची, न्हाईतर अर्धवट झोपंत गाडी चालू करतेत."

मी दारावरचा हात काढला. मग विचारलं, "तुम्ही का नाही झोपत अप्पा? माल गेलाय की."

"मी कसा निजू?" त्यांना माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "गाडी हादरूलाली आसली की उस्ताद आपोआप जागा ऱ्हातो, तवा आपुन निजायचं. गुळगुळीत चालली की तो पेंगतो. मंग त्याला बोलवत ऱ्हायचं. गाव इचारायचं, पोरं इचारायची. तरी बी पेंगला तर उतरवून तोंड धुवायला लावायचं. तुजं डोळं बघ की कसं झालेत. किती दिस झाले निजून?"

मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि रडलो. लाज वगैरे काही वाटली नाही. इतके दिवस मी त्यांना सांभाळतोय असं समजत होतो. मी कोण, हे त्यांना तेव्हाही आठवलेलं नव्हतं. शेजारचा माणूस फार दमलाय, एवढंच त्यांना दिसलं होतं, आणि ते त्याच्यासाठी जागत होते.

बाटलीतलं पाणी घेऊन मी खाली उतरलो आणि तोंड धुतलं. परत बसलो तेव्हा त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवला, एकेक डोळा तपासला. मग खिशातून चावी काढून दिली.

"आता ताजा झालास. चल."

गाडी सुरू झाली ती कळलीसुद्धा नाही. अप्पांनी पट्टा ओढून स्वतःच लावायचा प्रयत्न केला, मी मदत केली. त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. मी वाट बघत होतो की आता गाव विचारतील. तारनाक्याचा सिग्नल यायच्या आत ते घोरत होते.

घराकडे वळायचं वळण आलं. मी वळलो नाही, सरळ गेलो. पुढच्या सिग्नलला मेकॅनिकला फोन लावला आणि हळू आवाजात सांगितलं की उद्या येत नाही, कॉईल आहेत तशाच राहू देत.