आईची केळ

लग्न होऊन अर्धापूरला येताना आईने माहेरच्या केळीचा मुनवा, म्हणजे बुडाशी फुटलेलं पिल्लू, सोबत आणला होता. त्या एकापासून आमचं परस केळींनी भरलं. मुखेडच्या मावशीनेही त्यातलाच एक नेऊन लावला.

गेल्या वर्षी पानं पिवळी पडून लोंबू लागली. बुंधा कापला तर आतून तपकिरी निघाला. मर रोग होता.

"एखादी तरी तगंल की न्हाई?" आईने विचारलं.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मी सांगितलं, "या केळीला बी नसतं. मुनव्यातून तीच केळ पुन्हा वर येते. एकीला सोसलं नाही, तर कुणालाच सोसणार नाही."

तिला पटलं नाही. मावशीकडून मुनवा आणायला आम्ही एसटीने मुखेडला गेलो. मावशीने मागचं दार उघडलं. तिथेही सगळे बुंधे कुजून आडवे झाले होते.

"मीच तुझ्याकडं येणार होते, पिल्लू न्यायला," मावशी म्हणाली.

आई उंबऱ्यावरच बसली. आजोळी आता कुणीच उरलेलं नाही.

"माहेरचं म्हणायला तेवढंच होतं," ती म्हणाली.